वरच्या कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती कोणी रचली हे सांगता येणार नाही. पण ज्याला चावडीवर, पंचांसमोर आपल्या मनासारखा निवाडा करून घेता येत होता, त्याच्याच तोंडी ती शोभते. ज्याला चावडीच्या पायरीवर बसण्याचीही मुभा नव्हती, त्याच्यासमोर कोर्टाची पायरी हीच काय ती एक पायरी होती. आमचे लोक ती चढले. शहाणपण सोडून चढले असे कोणाला म्हणावयाचे असेल तर त्याने ते खुशाल म्हणावे.

माझे वडील ही पायरी एकदा चढले. मी तेव्हा चौथीत होतो. थकलेली मजुरी मागितली म्हणून दोघांनी त्यांना बांधावर गाठून काठ्यांनी मारले. डावा हात मोडला. तालुक्याच्या कोर्टात दोन वर्षे तारखा झाल्या. भाकरी फडक्यात बांधून वडील पहाटेच्या गाडीने जात आणि दिवेलागणीला परत येत. शेवटी दोघांना एकेक वर्षाची सजा झाली. आईने वस्तीत गूळ वाटला. परंतु त्याच संध्याकाळी ते दोघे जामिनावर घरी आले. “अपील केलंय,” एवढेच आम्हांला कळले. पुढे दीडेक वर्षाने एका दुपारी गावात फटाके वाजले आणि त्या फटाक्यांनीच वडिलांना वरच्या कोर्टाचा निकाल सांगितला. ते जिल्ह्याच्या ठिकाणी चौकशीला गेले तेव्हा कारकून म्हणाला, “तुम्ही फक्त साक्षीदार. अपिलात तुमचं काय काम?”

हे ‘फक्त साक्षीदार’ शब्द मी विसरू शकलो नाही. पदवीच्या वर्गावर शिकवू लागल्यानंतर मी निकालपत्रे वाचू लागलो ती ह्याच दोन शब्दांचा अर्थ शोधण्यासाठी. त्या वाचनात एक निकाल असा भेटला की, त्यात वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले आणि त्याहून मोठा प्रश्नही उभा राहिला. तो निकाल म्हणजे मथुरा खटल्याचा.

१

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अपील ही संस्था आपली वैरी नाही. जातपंचायतीच्या निवाड्यावर अपील नव्हते. ग्रामण्यावर अपील नव्हते. बहिष्कृताला दाद मागण्यासाठी वर कोणी नव्हते, कारण वरचाच निवाडा करीत होता. खालच्या न्यायाधीशाचीही चूक होऊ शकते व ती दुरुस्त करणारा दुसरा कोणी असला पाहिजे, हे तत्त्व माणूस प्रमादशील आहे ह्या जाणिवेतून आलेले आहे. वर्णव्यवस्थेला ही जाणीव कधीच मानवली नाही.

बाबासाहेब आंबेडकरांच्या वकिलीत अपिलाचे स्थान मोठे आहे. १९२५ साली दिनकरराव जवळकरांचे ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक निघाले आणि त्यावरून पुण्यात बदनामीचा खटला उभा राहिला. खालच्या कोर्टात जवळकर, केशवराव जेधे आदींना शिक्षा झाली. पुण्याच्या सेशन कोर्टात त्यांचे अपील बाबासाहेबांनी चालविले आणि ब्राह्मणेतर चळवळीची ही माणसे सुटली. चवदार तळ्याचा दावा दिवाणी स्वरूपाचा होता. त्यात सवर्ण फिर्यादी खाली हरले, अपिलात हरले, मग मुंबई हायकोर्टात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी तेथेही हरले. १९२७ च्या मार्चमध्ये ओंजळीत घेतलेल्या पाण्याला कायद्याची अखेरची मान्यता मिळण्यास दहा वर्षे लागली.

म्हणजे अपील हे दुधारी शस्त्र आहे. ते आरोपीला वाचविते, आणि आरोपी आपला असेल तर आपल्यालाही वाचविते. फौजदारी खटल्यात शिक्षा झालेल्या माणसाचा अपिलाचा हक्क काढून घ्या, असे आपण कधीही म्हणता कामा नये. तुरुंगांत कोण अधिक भरले जातात, हे आपल्याला इतरांपेक्षा अधिक ठाऊक आहे. प्रश्न आहे तो दुसराच. अपिलाच्या पायऱ्या चढताना कोण कोण बरोबर असतो, आणि वर पोहोचते ते काय?

२

२६ मार्च १९७२. देसाईगंज, म्हणजे वडसा. आज हे गाव गडचिरोली जिल्ह्यात आहे. त्या वेळी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हाच नव्हता, तो सारा भाग चंद्रपूरमध्ये होता. मथुरा ही आईबाप लहानपणीच वारलेली आदिवासी मुलगी. ती भावाजवळ राही. दोघेही मोलमजुरी करीत. ज्या घरी ती कामाला जाई, त्या घरातील बाईच्या भाच्याशी तिचे मन जुळले आणि दोघांनी लग्न करावयाचे ठरविले. भावाला ते पटले नाही. त्याने पोलीस ठाण्यात जाऊन बहिणीला पळविल्याची तक्रार दिली.

त्या रात्री नऊच्या सुमारास साऱ्यांना ठाण्यात आणण्यात आले. साडेदहापर्यंत जबाब झाले. जबाब घेणाऱ्या हेड कॉन्स्टेबलने भावाला बहिणीच्या जन्मनोंदीची नक्कल आणावयास सांगितले आणि तो जेवणासाठी घरी गेला. बाकीची माणसे बाहेर पडू लागली. मथुरेला मात्र आतच थांबविण्यात आले. तिच्या सांगण्याप्रमाणे, गणपत ह्या कॉन्स्टेबलने तिला मागच्या बाजूच्या संडासाकडे व नंतर छपरीत नेऊन तिच्यावर बलात्कार केला. त्यानंतर तुकाराम ह्या हेड कॉन्स्टेबलने तिच्या अंगाशी चाळे केले, पण तो दारूच्या नशेत इतका बुडालेला होता की, त्याला पुढे काही करता आले नाही. बाहेर थांबलेल्या नातलगांना ठाण्याचे दिवे गेलेले व दार आतून लावलेले दिसले. त्यांनी मागे जाऊन हाका मारल्या. गर्दी जमली. जेवायला गेलेल्या हेड कॉन्स्टेबलला बोलावून आणले गेले आणि फिर्याद नोंदली गेली.

येथे थांबून एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ती फिर्याद नोंदली गेली ती बाहेर जमलेल्या माणसांमुळे. ज्या ठाण्यात गुन्हा घडला असे ती सांगत होती, त्याच ठाण्याच्या टेबलावर तिची फिर्याद लिहिली गेली. वैद्यकीय तपासणी झाली दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता, म्हणजे जवळजवळ वीस तासांनी. डॉक्टरांनी तिचे वय चौदा ते सोळाच्या दरम्यान असल्याचे सांगितले. अंगावर जखमा आढळल्या नाहीत. तिच्या कपड्यांवर आणि गणपतच्या पायजम्यावर वीर्याचे डाग आढळले. पुढच्या साडेसहा वर्षांत तीन न्यायालयांसमोर गेला तो एवढाच ऐवज.

३

ह्या एका कागदाची तीन वाचने झाली.

पहिले वाचन १ जून १९७४ रोजी चंद्रपूरच्या सेशन कोर्टाचे. दोघेही निर्दोष. मुलगी सोळा वर्षांखालील होती हे सिद्ध झाले नाही, असे ठरले. ठाण्यात शरीरसंबंध आला हे न्यायाधीशांनी मानले, परंतु तो बलात्कार असल्याचे मानले नाही. ती धडधडीत खोटे बोलणारी आहे, तिला अशा संबंधांची सवय होती, आणि बाहेर संतापलेल्या आपल्या माणसांपुढे सोज्वळ ठरावे म्हणून तिने बळजबरीची कहाणी रचली, असा त्या निकालाचा आशय आहे.

दुसरे वाचन मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाचे, १२ ऑक्टोबर १९७६ चे. सुटकेविरुद्धच्या अपिलात हायकोर्टाने निकाल फिरविला. गणपतला बलात्काराबद्दल पाच वर्षे आणि तुकारामला विनयभंगाबद्दल एक वर्ष सक्तमजुरी झाली. हायकोर्टाने एक साधा पण मूलगामी भेद केला. भीतीने शरीर सोडून देणे म्हणजे संमती नव्हे. दोन्ही पोलीस तिला परके होते. भावाच्या तक्रारीवरून ठाण्यात आणलेली मुलगी रात्री त्यांच्याकडे आपण होऊन सुखाची मागणी करील, हे संभवत नाही. ती एवढीशी, ते ठाण्याचे मालक. ही परिस्थितीच हायकोर्टाने पुरावा म्हणून वाचली.

तिसरे वाचन सर्वोच्च न्यायालयाचे, १५ सप्टेंबर १९७८ चे. न्यायमूर्ती जसवंत सिंग, कैलासम आणि कोशल ह्यांचे पीठ होते. शिक्षेविरुद्धचे अपील मंजूर झाले. दोघेही सुटले. अंगावर जखम नाही, म्हणून तीव्र प्रतिकार केल्याचे सांगणे खोटे. जवळ आपली माणसे असताना गणपतने हात धरला तेव्हा ती ओरडली नाही, म्हणून ओरडल्याचे सांगणे खोटे. मृत्यूची किंवा इजेची भीती घालून संमती मिळविली असेल तरच ती संमती कायद्याने रद्द ठरते, आणि तशी भीती घातल्याचे दिसत नाही. तुकारामबाबत तिच्या फिर्यादीत एक आणि कोर्टातील साक्षीत दुसरेच आले, म्हणून तोही आरोप टिकला नाही.

आता विचार करण्यासारखी गोष्ट ही की, कागद तोच होता. डाग तेच, तपासणीचा अहवाल तोच, साक्षी त्याच. अपिलात कागद जातो, माणूस जात नाही, आणि म्हणून अन्याय होतो, असे मी पूर्वी मानीत होतो. मथुरेच्या खटल्याने मला ते सोपे उत्तर सोडावयास लावले. ज्या न्यायाधीशांनी तिला साक्षीच्या पिंजऱ्यात प्रत्यक्ष पाहिले, ऐकले, त्यांनीच तिला खोटारडी ठरविले. ज्यांनी नागपुरात केवळ कागद वाचला, त्यांना त्यात एक घाबरलेली मुलगी दिसली. दिल्लीत तोच कागद पुन्हा वाचला गेला आणि ती पुन्हा नाहीशी झाली. तेव्हा प्रत्यक्ष पाहणे की कागद वाचणे हा भेद निर्णायक नव्हता. कागदाबाहेरचे जग वाचणाऱ्याला किती ठाऊक आहे, हे निर्णायक होते.

ज्याला पोलीस ठाणे म्हणजे काय हे आमच्या वस्तीप्रमाणे माहीत आहे, तो ‘ती ओरडली का नाही’ असे विचारणार नाही. तो विचारील, रात्री साडेदहानंतर तिला थांबविले कशासाठी? दिवे घालविले कोणी? दार आतून लावले कोणी? आणि ओरडून ती बोलावणार कोणाला? पोलिसांनाच ना! ठाण्यात गेल्यावर आवाज खाली करावा, मान खाली घालावी, विचारल्याशिवाय बोलू नये, हे आमच्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले. आणि कोर्ट म्हणते, तू बोलली नाहीस म्हणजे तुझी हरकत नव्हती. ज्यांनी गप्प बसविले त्यांच्याच बाजूने ते गप्प बसणे पुरावा म्हणून उभे राहते.

४

पायऱ्यांकडे पुन्हा पाहू. सेशन कोर्टाने सोडलेल्या पोलिसांविरुद्ध हायकोर्टात अपील करण्याचा अधिकार मथुरेला नव्हता. तो सरकारचा होता. त्या वेळी सरकारने अपील केले, हे नमूद केलेच पाहिजे. हायकोर्टाने शिक्षा दिल्यावर त्या दोघांनाही सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा आपोआप हक्क नव्हता, कारण त्यांच्या शिक्षा दहा वर्षांच्या आत होत्या. त्यांना राज्यघटनेच्या १३६ व्या कलमाखाली खास परवानगी मागावी लागली. ती मिळाली. पाच वर्षांच्या शिक्षेसाठी देशातील सर्वांत वरचे दार उघडले गेले.

त्या दारात एका बाजूला शिक्षा झालेले दोन पोलीस आणि दुसऱ्या बाजूला महाराष्ट्र राज्य. पोलीसही राज्याचेच, वकीलही राज्याचाच. मथुरा कोठे होती? सरकारतर्फे साक्षीदार क्रमांक एक. आज कायद्याच्या ग्रंथांत तो निकाल ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ ह्या नावाने शोधावा लागतो. माझ्या वडिलांना कारकुनाने सांगितले ते खोटे नव्हते. तो कायदाच बोलत होता.

१६ सप्टेंबर १९७९ रोजी, निकालाला एक वर्ष आणि एक दिवस झाल्यावर, कायद्याच्या चार अध्यापकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार ही ती चार माणसे. संमती आणि शरण जाणे ह्यांतील फरक निकालाने पुसून टाकला, हा त्यांचा मुख्य आक्षेप. त्याच १९७८ साली नंदिनी सत्पथी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीला चौकशीसाठी ठाण्यात बोलावणे बेकायदेशीर असल्याचे ठणकावून सांगितले होते. सत्पथीबाई एका राज्याच्या मुख्यमंत्री राहिलेल्या. मजुरी करणाऱ्या अनाथ मुलीच्या वेळी तोच नियम कोणाला आठवला नाही. कायदा एक असतो. पण तो कोणासाठी आठवतो, ह्यात जात आणि वर्ग असतो.

१९८० च्या ८ मार्चला ठिकठिकाणी स्त्रिया रस्त्यावर आल्या. खटला पुन्हा उघडा, अशी मागणी झाली. निकाल फिरला नाही. कायदा मात्र फिरला. त्याच वर्षी विधी आयोगाने ८४ वा अहवाल दिला. १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतील बलात्कार हा वेगळा गुन्हा ठरला व त्याला किमान दहा वर्षांची शिक्षा आली. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, असे पुरावा कायद्यात आले. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे समजता येणार नाही, हे कायद्यात स्पष्ट शब्दांत यावयास मात्र २०१३ साल उजाडले. नागपूरच्या हायकोर्टाने १९७६ साली जे म्हटले, ते कायद्याच्या पुस्तकात उतरण्यास सदतीस वर्षे लागली. ती मुलगी स्वतः हरली. तिच्या हरण्यावर पुढच्यांचा कायदा उभा राहिला. तिचे हे देणे आपल्या चळवळीच्या इतिहासात नीट नोंदले गेले पाहिजे.

५

कायदा बदलला म्हणून वाचन बदलले का? आंध्र प्रदेशातील त्सुंडूरला ६ ऑगस्ट १९९१ रोजी आठ दलितांची हत्या झाली. २००७ साली विशेष न्यायालयाने एकवीस जणांना जन्मठेप दिली. २०१४ साली हायकोर्टाने सारे सोडले. बिहारमधील बथानी टोला येथे ११ जुलै १९९६ रोजी एकवीस माणसे मारली गेली. २०१० साली आरा येथील न्यायालयाने तिघांना फाशी आणि वीस जणांना जन्मठेप दिली. २०१२ साली पाटणा हायकोर्टाने सर्व तेवीस जणांना निर्दोष ठरविले.

आपल्या खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांना ठार मारले गेले. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. १४ जुलै २०१० रोजी नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून आठही जणांना पंचवीस वर्षांची कैद दिली. फाशी गेली ह्याचे मला दुःख नाही. दोराने न्याय होतो ह्यावर माझा विश्वास नाही. दुःख ह्याचे की, खाली आणि वर, दोन्ही न्यायालयांनी अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. शिक्षा खूनाची झाली, जातीची झाली नाही. भैयालाल भोतमांगे २० जानेवारी २०१७ रोजी वारले. आपल्या घराची राखरांगोळी जातीमुळे झाली, हे न्यायालयाच्या तोंडून ऐकणे त्यांच्या वाट्याला आले नाही.

६

मग करावयाचे काय? संताप करून पायऱ्या मोडत नाहीत. त्या चढावयाच्या तर आपल्याला हे माहीत हवे की, वर जे पोहोचते ते खाली पहिल्या रात्री लिहिलेले असते. वीस तास उशिरा झालेली तपासणी सर्वोच्च न्यायालयात लवकर होत नाही. फिर्यादीत राहून गेलेले नाव साक्षीत आले की, वर ते खोटे ठरते. म्हणून मोर्चा दुसऱ्या दिवशी निघाला तरी चालेल, पण कार्यकर्ता त्याच रात्री ठाण्यात हवा. फिर्याद वाचून घ्या, जातीचा उल्लेख राहिला असेल तर तो लिहून घ्या, नक्कल मागा, दवाखान्यात बरोबर जा.

दुसरे, पीडित आता ‘फक्त साक्षीदार’ राहिलेला नाही. ३१ डिसेंबर २००९ पासून आरोपी सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर पीडिताला स्वतः अपील करता येते. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही हा हक्क आहे. शिक्षा कमी वाटली म्हणून मात्र त्याला अपील करता येत नाही. ते दार अजून सरकारच्याच हाती आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने जामीन, सुटका, दोषसिद्धी आणि शिक्षा ह्या प्रत्येक टप्प्यावर पीडिताला म्हणणे मांडण्याचा हक्क दिला. विशेष न्यायालयाच्या निकालावर हायकोर्टात अपिलाची मुदत नव्वद दिवसांची आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळण्याची तरतूद १९८७ च्या कायद्यात आहे. हे हक्क कागदावर आहेत. पण नव्वद दिवस फटाक्यांची वाट पाहण्यात गेले तर ते कागदावरच राहतील.

तिसरे काम आपले, शिक्षकांचे आणि विद्यार्थ्यांचे. निकालपत्रे वाचा. त्यांना भिऊ नका. त्यांतील इंग्रजी कठीण असले तरी त्यांत लिहिलेली माणसे आपलीच आहेत. आपल्या तालुक्यातील मारहाणीचा एखादा खटला घ्या, खालचा निकाल आणि वरचा निकाल शेजारी ठेवा, आणि कोणते वाक्य कोठे गळाले ते शोधा. वकील होणारी मुले आपल्यातून निघतील, न्यायाधीश होणारीही निघतील. कागदाबाहेरचे जग माहीत असलेला वाचक त्या खुर्चीवर बसला पाहिजे.

गेल्या वर्षी मी वडिलांच्या खटल्यातील अपिलाच्या निकालाची नक्कल मिळविली. पाच पाने. त्यांना ती मराठीत समजावून सांगितली. मारणाऱ्यांनी मारले नाही असे त्यात कोठेही म्हटलेले नव्हते. संशयाचा फायदा दिला होता, कारण फिर्याद दोन दिवस उशिरा लिहिली गेली होती. वडील बराच वेळ गप्प होते. मग डावा हात चोळीत म्हणाले, “उशीर आपण केला नव्हता, बाळा. दोन दिवस ठाण्याच्या बाहेर बसवून ठेवलं होतं.”

हे वाक्य त्या पाच पानांत नाही. ते कोणी लिहूनच घेतले नव्हते.